'सन १९४४'च्या खुकुरीबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार अधिकारी

विषय: 'दुसऱ्या महायुद्धातील अस्सल गोरखा खुकुरी, सन १९४४' म्हणून पाठवलेल्या वस्तूचे पैसे परत मिळण्याबाबत

महोदय,

वरील खुकुरी मी ३ फेब्रुवारीला आपल्याकडून १८,५०० रुपयांना घेतली. ११ तारखेला पार्सल आलं. त्यानंतर मी दोन ईमेल पाठवले आणि दोन्हींना एकच उत्तर आलं: 'हस्तनिर्मित वस्तूंमध्ये किरकोळ फरक असू शकतो.' कारखान्याच्या टूलरूममध्ये माझी एकतीस वर्षं गेली आणि गेली बारा वर्षं मी नेपाळी खुकुऱ्या जमवतो आहे. हातघडणीचे दोन नग सारखे नसतात, हे मला नव्याने कळायचं नाही. माझी तक्रार वेगळी आहे.

आधी सालाचं बघू. मुठीजवळ पात्यावर देवनागरीत '१९४४' ठोकलंय आणि शेजारी ब्रिटिश सरकारी मालावर असायचा तसला बाण. नेपाळी फौजेच्या जुन्या खुकुऱ्यांवर देवनागरी आकडे असतात, पण ते विक्रम संवताचे. दिवाळीत गुजराती दुकानदार चोपडीवर घालतात तोच संवत. नेपाळात फक्त वर्ष वैशाखात सुरू होतं. १९४४ मधून ५७ वजा केले की येतात १८८७. तेव्हा दुसरं महायुद्ध राहू द्या, पहिल्यालाही सत्तावीस वर्षं अवकाश होता. उलट, इंग्रजांच्या हिंदी फौजेसाठी युद्धकाळात बनलेल्या खुकुऱ्यांवरचे शिक्के रोमन लिपीत असतात. बाण इकडचा आणि आकडा तिकडचा, म्हणजे एकाच लग्नपत्रिकेवर दोन मुहूर्त.

आता तुम्ही म्हणाल, '१८८७ ची तर १८८७ ची, तुम्हाला जास्तच जुनी मिळाली.' चालेल. मग शंभर वर्षांपुढची वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येते आणि तिचा व्यापार करायला परवाना लागतो. आपल्या परवान्याचा क्रमांक कृपया कळवावा. नेपाळातूनही इतकी जुनी वस्तू परवानगीशिवाय बाहेर काढता येत नाही, तेही कागद असतीलच.

ते असणार नाहीत, कारण वस्तू जुनी नाहीच. पहिल्याच दिवशी मऊ फडक्यावर दोन थेंब तेल घेऊन पातं पुसलं, तर फडकं काळं झालं आणि घरभर बूटपॉलिशचा वास. शंभर वर्षांचा काळेपणा असा एका हातात निघत नाही. तो खाचाखोचांत बसलेला असतो, कुठे दाट, कुठे विरळ. इथे टोकापासून मुठीपर्यंत गंजाची टिंबं एकसारखी, रांगोळीच्या ठिपक्यांसारखी. आम्लाचं काम आहे ते. धारेच्या सुरुवातीला जी खाच असते, नेपाळीत तिला काउडी म्हणतात, तिच्यात भिंग लावून पाहिलं. आत कोरं लखलखीत पोलाद आणि ग्राइंडरच्या समांतर रेघा. रंगवणाऱ्याचा ब्रश तिथवर पोचला नव्हता.

तिसऱ्या दिवशी मूठ हातात आली. आपल्या जाहिरातीत लिहिलं होतं की पात्याचा दांडा मुठीतून आरपार जाऊन मागे ठोकून बसवलेला आहे. प्रत्यक्षात दांडा जेमतेम दोन इंच, भोवती पिवळट एपॉक्सी गोंद. मागची पितळी चकती नुसती चिकटवलेली, शोभेला. जुने कारागीर मूठ लाखेने बसवायचे; ती ढिली झाली तर तापवून पुन्हा बसते. हिला तापवून काही उपयोग नाही.

म्यानातल्या दोन छोट्या जोडसुऱ्यांपैकी एक कर्दा, बारीकसारीक कापायला. दुसरी चकमक, ती मुद्दाम बोथट आणि कडक असते. खुकुरीची धार तिच्यावर जागेवर आणायची, नाहीतर गारेवर ठिणगी पाडायची. (आपल्याकडे चकमक म्हटलं की लोकांना गारगोटीच आठवते. तिथे ते नाव पोलादाला आहे.) आपण पाठवलेली चकमक धारदार आहे आणि बोटांनी वाकते. पत्रा कापून बनवलीय.

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो. पातं वाईट नाही. कानस लावून पाहिली: धारेवर घसरते, पाठीवर चावते. म्हणजे घडवणाऱ्याने तापलेल्या पात्याच्या फक्त धारेवर किटलीच्या चोचीतून पाणी सोडलंय, पाठ मऊ ठेवलीय, जशी ठेवायला हवी तशी. नेपाळातल्या भोजपूर किंवा धरानकडच्या विश्वकर्मा लोहारांकडे आजही हे काम होतं, बहुतेक ट्रकच्या कमानपाट्याच्या पोलादातून. हीच खुकुरी 'नवीन' म्हणून विकली असती तर मी खुशीने घेतली असती, अर्थात तिच्या किमतीला. चांगल्या लोहाराच्या कामावर आम्ल ओतून कुणीतरी त्याला म्हातारं केलं, आणि आपण त्याला युद्धावर पाठवलं. मला राग त्याचा आहे.

माझी मागणी अशी: १८,५०० रुपये पूर्ण परत करावेत, पार्सल आपल्या खर्चाने न्यावं, आणि 'सन १९४४' हा मजकूर जाहिरातीतून काढावा. आज पाहिलं, त्याच सालाच्या आणखी चार खुकुऱ्या आपल्याकडे विक्रीला आहेत आणि चारही फोटोंत गंज सारखाच आहे. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांप्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवं. तसं न झाल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवून ग्राहक आयोगाकडे जाईन. काळं फडकं, भिंगातून काढलेले फोटो आणि आपल्या जाहिरातीची प्रत जपून ठेवली आहे.

पार्सल न्यायला माणूस पाठवाल तेव्हा आदल्या दिवशी फोन करावा. पातं आणि मूठ वेगवेगळी गुंडाळावी लागतील.

आपला,
(सही)
कोथरूड, पुणे

सोबत: पावतीची प्रत, सात फोटो