चतुराला फ्रिजमध्ये कशाला टाकता?

संपादक साहेब,

पुरवणीत वाचकांचे फोटो येतात ते मी न चुकता बघतो, पण गेल्या वेळचा चतुराचा (ड्रॅगनफ्लाय किड्याचा) मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून काढलेला फोटो, बघून जरा खटकलं. शार्प आहे, कलर मस्त आहेत, पण त्याने काडी धरलेलीच नाही, पाय नुसते लोंबतायत आणि अंगावर मोजून चार टपोरे थेंब. खरं दव असं नसतं हो, ते पंखांच्या जाळीवर, डोळ्यांवर, अगदी पायाच्या केसांवरसुद्धा बारीक आणि दाट बसतं. त्या फोटोग्राफरने काय केलं मला माहीत नाही, उगाच आरोप नको, पण किडा फ्रिजमध्ये गार करायचा, काडीवर ठेवायचा, वर स्प्रे मारायचा असले प्रकार चालतात हे या छंदातल्या सगळ्यांना ठाऊक आहे.

गंमत म्हणजे त्याची गरजच नसते. उडायला चतुराचे पंखांचे स्नायू तापलेले लागतात, त्यामुळे उजाडताना तो गारठून गप्प बसलेला असतो, मग पंख थरथरवून अंग गरम करतो आणि गेला, पण तेवढ्यात आपलं काम होतं. आणि उन्हात उडाला तरी बरेच चतुर फिरून त्याच काडीवर येतात, आपण फक्त खाली बसून वाट बघायची, सावली पडू द्यायची नाही, कारण एकेका डोळ्यात हजारो भिंगं, जरा हललं की कळतंच त्याला. मी एकदा पाऊण तास चिखलात गुडघे टेकून बसलो आणि फोटो आला एक, त्यातही डोळे शार्प न् शेपटी ब्लर! १:१ ला, म्हणजे किडा सेन्सरवर खऱ्या आकाराएवढा उमटतो तेव्हा, लेन्सचं अ‍ॅपर्चर एफ ८ ठेवलं तरी फोकसमध्ये जेमतेम मिलिमीटरभर मिळतं, कॅमेरा अंगाला समांतर धरला नाही की असंच होतं. तरी तो फोटो मला आवडतो.

नुकताच पाण्यातून वर येऊन कात टाकलेला चतुर असेल तर हातसुद्धा लावू नका प्लीज, पंख ओले मऊ असतात, एकदा वाकले की वाकलेच.

तर एवढंच करा, फोटोखाली कॅमेरा लेन्स छापता तसं 'जागेवरच काढला' की 'उचलून ठेवून काढला' हेही विचारून छापा.

आणि हो, त्याच पानावर खाली 'चतुर' म्हणून छापलीय ती टाचणी (डॅमसेलफ्लाय, चतुरासारखाच दिसणारा वेगळा किडा) आहे, डोळे बघा ना, डोक्याच्या दोन टोकांना दोन!

आपला,
एक नियमित वाचक