नाव न सांगता धावून आलेल्यांचे आभार

एप्रिल 2021. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत अहमदनगरला आमचे पप्पा प्रभूकडे गेले. आम्ही सगळे विलगीकरणात, मातीला जाता आलं नाही. चर्चच्या मंडळीतल्या काही तरुणांनी पीपीई किट घालून त्यांना मूठमाती दिली, त्यांच्या आवडीचं रेव्हरंड टिळकांचं भजन म्हटलं. ते कोण, हे आम्हाला आजवर कळलेलं नाही. नाव सांगू नका, असं त्यांनीच पाळकसाहेबांना बजावलं होतं म्हणे.

बाबांनो, तुमचे उपकार कसे फेडू? आमचा मुलगा होऊन तुम्ही तिथं उभे राहिलात.

आणि रोज रात्री आईला फोनवर बायबलमधलं तेविसावं स्तोत्र वाचून दाखवणाऱ्या ताई, तुम्हीसुद्धा. मृत्युच्छायेच्या दरीची ओळ आली की आई हुंदके द्यायची. मग एका रात्री तिनं तुमच्याबरोबर ते तोंडपाठ म्हटलं, आणि दुसऱ्या दिवशी पोटभर जेवली. ती दरी टळेल, असं स्तोत्रात कुठंच नाही. मेंढपाळ, म्हणजे प्रभू, सोबत आहे, एवढंच आहे. तेवढ्या बळावर आमचं घर सावरलं.

दाराशी ठेवलेले डबे आईनं जपून ठेवलेत. ज्यांचे असतील त्यांनी हक्कानं घरी या, तिला तुम्हाला भेटायचंय.