मेसवाल्या काकूंना

काकू,

हे तुमची लेक तुम्हाला वाचून दाखवेल. चारचौघांत आभार मानतोय म्हणून रागावू नका. नाव कुठेच लिहिलेलं नाही, आणि गंगापूर रोडच्या गल्ल्यांत मेस चालवणाऱ्या काकू काय कमी आहेत?

एम-थ्री, म्हणजे इंजिनिअरिंगच्या गणिताचा तिसरा पेपर, राहिला, इयर डाऊन होऊन वर्ष गेलं, तेव्हा रूमवर कुणाला काही खटकलं नाही. मी हसत होतो, रील्स बघत होतो. तुम्हाला मात्र खटकलं. वहीत माझ्या नावापुढे खाडेच खाडे. आलो तरी ताट अर्धं टाकून उठायचो. त्यात मी ड्राफ्टर, कॅल्क्युलेटर मित्राला देऊन टाकलेले, डिपॉझिटही परत नको म्हणालो. तुम्ही मावशींना भांडी ठेवून आत जायला सांगितलं, समोर बसलात आणि विचारलंत, "जिवाचं बरंवाईट करून घ्यायचं मनात येतंय का रे?"

असं सरळ कुणी विचारत नाही. विचारलं तर नसलेलं डोक्यात भरेल, अशी लोकांना भीती. तसं होत नाही, हे डॉक्टरांनीही नंतर सांगितलं. मला तर रडू फुटलं आणि 'हो' म्हणता आलं.

'आईबापाचा विचार कर' असं तुम्ही म्हणाला नाहीत, ते फार बरं केलंत. त्यांचाच विचार डोकं खात होता. कळवणला वडिलांनी कांदा विकून फी भरलेली. तुम्ही म्हणालात, "आज इथंच झोपायचं." मग आशाताई असलेल्या तुमच्या जावेनं दिलेला टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६ लावून फोन माझ्या हातात दिलात. फुकट, रात्री-बेरात्रीही लागतो, मराठीत बोलतात. सकाळी सिव्हिलला केस पेपर काढून मानसोपचाराच्या ओपीडीबाहेर माझ्यासोबत बसलात. दुपारी मेसमध्ये नुसती खिचडी मिळाली म्हणून पोरांनी कटकट केली, ती मी ऐकली आहे.

२०२२ मध्ये देशात तेरा हजारांवर विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याची सरकारी नोंद आहे, त्यात सर्वाधिक महाराष्ट्रातले. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की शंभर किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथे प्रशिक्षित समुपदेशक हवाच, आणि कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण द्या. आमच्याकडे समुपदेशन कक्षाची पाटी आहे, खाली कुलूप आहे. कुलूप निघेल तेव्हा निघो, पण ते प्रशिक्षण द्याल तेव्हा मेसवाल्यांनाही बोलवा, असं मी प्राचार्यांना लेखी दिलंय. शंभर टक्के हजेरी लावणारा पोरगा जेवतोय की नाही, हे प्राध्यापकांना कुठून कळणार?

एम-थ्री अजून सुटलेला नाही. गोळ्या चालू आहेत, डॉक्टर म्हणतील तोवर घेईन. घरी सगळं सांगितलं. वडील आधी गप्प बसले, मग तुमचा पत्ता विचारला. रविवारी कांद्याची गोणी घेऊन येतायत. नको म्हणू नका, मेसला लागतोच.

तुमचा,
कळवणचा पोरगा