एकाच सरकारचे दोन करार, एक टिकला आणि एक विरला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत युद्धग्रस्त प्रदेशांतल्या शांतता करारांवर आपण लेख छापला होता. करार म्हणजे नेत्यांनी हात मिळवून छायाचित्र काढून घेण्याचा सोहळा, खरी शांतता येते ती एका बाजूच्या निर्णायक विजयानेच, असा लेखकाचा सूर होता. आजच्या बातम्या वाचणाऱ्या कुणालाही हे पटेल. मला मात्र ते चूक वाटतं, आणि घातकही वाटतं. ते का, हे सांगण्यासाठी भारतानेच तेरा महिन्यांच्या अंतराने केलेल्या दोन करारांकडे लक्ष वेधतो. पहिला ३० जून १९८६ चा मिझो करार, दुसरा २९ जुलै १९८७ चा भारत-श्रीलंका करार. पंतप्रधान तेच राजीव गांधी, सरकारही तेच. पहिल्याने वीस वर्षांचं बंड संपवलं. दुसऱ्याने आपले अकराशेहून अधिक जवान घेतले आणि तिथलं तमिळ बंडखोरांशी चाललेलं युद्ध आणखी बावीस वर्षं चालू राहिलं.

मिझोराममधलं बंड किरकोळ नव्हतं. १९५९ च्या सुमारास बांबू फुलला, उंदीर माजले, पिकं गेली. त्या दुष्काळात मदतकार्यासाठी उभी राहिलेली संघटना पुढे मिझो नॅशनल फ्रंट झाली. मार्च १९६६ मध्ये तिने स्वातंत्र्य पुकारलं आणि भारतीय हवाई दलाने ऐजॉलवर हल्ला केला. आपल्याच देशातल्या गावावर आपल्याच विमानांनी. त्यानंतर डोंगरातली गावंच्या गावं उठवून रस्त्याकडेच्या वसाहतींत लष्कराच्या पहाऱ्यात बसवण्यात आली. इतकं सगळं पोटात घेऊन जगणारी माणसं दिल्लीवर कधी विश्वास ठेवतील, असं तेव्हा कुणाला वाटलं असेल?

तरी करार झाला. त्यावर केंद्राच्या वतीने सही करणारे गृहसचिव राम प्रधान हे महाराष्ट्र केडरचे अधिकारी. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री असताना त्यांचे खासगी सचिव राहिलेले. ही सही त्यांनी निवृत्तीच्या दिवशी केली. मराठी वाचकांना हे नाव जास्त ठाऊक असायला हवं होतं. पण माझ्या दृष्टीने त्या कागदावरची सगळ्यात महत्त्वाची सही मिझो नॅशनल फ्रंटचे नेते लालडेंगा यांची होती. ज्याच्या हुकमावर बंदुका चालत होत्या, तोच माणूस टेबलापाशी होता. त्याच्या वतीने दुसऱ्या कुणी शब्द दिला नाही.

त्याहून मोठी गोष्ट पुढे घडली. ललथनहौला तेव्हा काँग्रेसचे निवडून आलेले मुख्यमंत्री होते. कराराला वाट करून देण्यासाठी त्यांनी खुर्ची सोडली आणि कालपर्यंतच्या बंडखोराच्या हाताखाली उपमुख्यमंत्री झाले. चालू कारकिर्दीत असं करणारा दुसरा मुख्यमंत्री मला तरी आठवत नाही. पुढच्या वर्षी २० फेब्रुवारीला मिझोराम राज्य झालं. मिझोंच्या रूढी, त्यांचा कायदा आणि जमिनीची मालकी यांना राज्यघटनेच्या ३७१-जी या अनुच्छेदाने संरक्षण मिळालं. शब्द दिल्यापासून आठ महिन्यांत राज्य हातात पडलं होतं.

आणि खरी परीक्षा त्यानंतर झाली. आमदार फुटले, १९८८ मध्ये लालडेंगांचं सरकार गडगडलं, १९८९ च्या निवडणुकीत त्यांचा पक्ष हरला. जंगलात परतायला याहून सोपी सबब कोणती होती? ते परतले नाहीत. विरोधी बाकांवर बसले, आणि १९९८ मध्ये एकेकाळचे गनिमी सैनिक झोरामथांगा मतपेटीतून मुख्यमंत्री झाले. मला विचाराल तर मिझो करार खऱ्या अर्थाने पक्का झाला तो १९८९ च्या पराभवात. १९८६ ला फक्त सह्या झाल्या होत्या.

मिझोराममध्ये सारं आलबेल झालं, असं मी म्हणत नाही. हमार लोकांचं आंदोलन पुढे बरीच वर्षं चाललं. १९९७ मध्ये ब्रू समाजाच्या हजारो लोकांना घरं सोडून त्रिपुरात पळावं लागलं, आणि तिथेच त्यांना वसवण्याचा निर्णय व्हायला जानेवारी २०२० उजाडलं. ज्यांचं नाव करारात नव्हतं त्यांच्या वाट्याला शांतताही कमीच आली. हे विसरून मिझोरामचे गोडवे गाणं बरं नव्हे.

आता कोलंबोकडे वळू. तिथली गोष्ट १९८७ ला सुरू होत नाही. १९५६ मध्ये सिंहली ही एकमेव राजभाषा ठरली. पुढच्याच वर्षी पंतप्रधान बंदरनायके आणि तमिळ नेते चेल्वनायकम यांनी करार केला. प्रादेशिक परिषदा, तमिळ भाषेला स्थान, तमिळ भागांतल्या वसाहतींवर बंधन असं बरंच काही त्यात होतं. बौद्ध भिक्खूंनी पंतप्रधानांच्या घरापुढे ठाण मांडलं आणि १९५८ मध्ये बंदरनायकेंनी तो करार मोडीत काढला. १९६५ मध्ये सिंहली नेते डडली सेनानायके यांनी चेल्वनायकमांशी दुसरा करार केला. तोही अमलात आला नाही. चेल्वनायकम सत्याग्रहाच्या मार्गाने जाणारे होते. त्यांच्यानंतरच्या पिढीने डोळ्यांसमोर पाहिलं की सज्जन माणूस दोनदा सही करतो आणि दोनदा रिकाम्या हाताने घरी येतो. १९८१ मध्ये जाफनाचं ग्रंथालय जाळलं गेलं, १९८३ च्या जुलैत कोलंबोत तमिळांची कत्तल झाली. तोवर बोलणी करा म्हणणाऱ्यांचं ऐकून घेणारंच कुणी उरलं नव्हतं.

लेखकमहाशयांनी इथे थांबून विचार करावा, अशी माझी विनंती आहे. करार निरुपयोगी असतात, असं यातून निघत नाही. पाळला न गेलेला करार मुळीच न केलेल्या करारापेक्षा जास्त नुकसान करतो, एवढं निघतं. तो मवाळांना त्यांच्याच लोकांत खोटं पाडतो. पंजाबात आपण हेच केलं. जुलै १९८५ मध्ये अकाली दलाचे नेते संत लोंगोवाल यांनी केंद्राशी झालेल्या करारावर सही केली आणि महिन्याच्या आत त्यांची हत्या झाली. २६ जानेवारी १९८६ ला चंडीगड पंजाबकडे जाणार होतं. आजही गेलेलं नाही. त्यानंतरची पंजाबातली वर्षं कशी गेली ते सर्वांना ठाऊक आहे.

१९८७ च्या कराराचा मसुदा वाईट नव्हता. श्रीलंका बहुभाषी, बहुवांशिक देश आहे हे त्यात मान्य केलं होतं, उत्तर आणि पूर्व प्रांत तात्पुरते एकत्र करून त्यांना प्रांतिक परिषद देण्याचं ठरलं होतं. पण त्यावर सह्या होत्या राजीव गांधी आणि राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांच्या. लढणाऱ्या तमिळांपैकी एकाचीही नाही. लिट्टे या तमिळ बंडखोर संघटनेचा प्रमुख प्रभाकरन याला दिल्लीत आणून एका हॉटेलात पहाऱ्यात ठेवलं आणि मसुदा पुढे केला. अठ्ठेचाळीस तासांत लढाई थांबणार, त्यानंतर बहात्तर तासांत शस्त्रं खाली ठेवली जाणार, असं कागदावर लिहिलं गेलं. पिढ्यान्‌पिढ्यांचा अविश्वास आणि मुदत पाच दिवसांची! दुसऱ्या बाजूची कथा वेगळी नव्हती. जयवर्धनेंचे स्वतःचे पंतप्रधान प्रेमदासा या कराराच्या विरोधात होते. कोलंबोत दंगली उसळल्या होत्या. सहीच्या दुसऱ्या दिवशी मानवंदना घेत असताना एका श्रीलंकन नौसैनिकाने बंदुकीचा दस्ता राजीव गांधींवर उगारला. सिंहली तरुणांच्या जनता विमुक्ती पेरमुनाने सरकारविरुद्धच बंड पुकारलं. म्हणजे करार ज्या दोन समाजांत व्हायला हवा होता, त्यांपैकी एकानेही तो आपला मानला नव्हता.

सप्टेंबरमध्ये लिट्टेच्या तिलीपनने नल्लूरच्या मंदिरापाशी उपोषणात प्राण सोडला. ऑक्टोबरमध्ये करार राबवायला गेलेली भारताची शांतिसेना जाफनात लिट्टेशीच युद्ध लढत होती. मुंबईत जन्मलेले, ८ महार बटालियनचे मेजर रामस्वामी परमेश्वरन २५ नोव्हेंबरला चकमकीत धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं. महार रेजिमेंटमधून किती मराठी घरांतली मुलं त्या बेटावर गेली असतील, ते आठवलं की या विषयावर अलिप्तपणे लिहिणं मला जमत नाही. ज्या शांततेची राखण करायला ते गेले, ती कुणी मनापासून कबूलच केलेली नव्हती. मार्च १९९० मध्ये सैन्य परतलं. पुढे राजीव गांधींची हत्या झाली, प्रेमदासांचीही झाली. नॉर्वेच्या मध्यस्थीने २००२ मध्ये युद्धविराम झाला. तोही मोडला आणि मे २००९ मध्ये सगळं रक्तात बुडालं.

आपल्या लेखकाला बहुधा हेच अभिप्रेत असावं: बघा, शेवटी विजयानेच युद्ध संपलं. बंदुका थांबल्या हे खरं, आणि त्याचं मोल मी कमी लेखत नाही. बॉम्बस्फोटांविना कोलंबोत बस धावते, ही लहान गोष्ट नाही. पण उत्तर श्रीलंकेतल्या किलिनोच्चीत फेब्रुवारी २०१७ पासून बेपत्ता मुलांच्या आया त्यांची छायाचित्रं घेऊन रस्त्याकडेला बसू लागल्या, त्यांना उत्तर कोण देणार? युद्ध संपूनही उत्तरेत अनेकांच्या जमिनी वर्षानुवर्षं लष्कराच्या ताब्यात राहिल्या. त्यांना ही शांतता कोणत्या तोंडाने सांगायची?

आणि एक गोष्ट फार थोडे लोक सांगतात. तो फसलेला करारही पुरता मेला नाही. त्याच्यामुळे श्रीलंकेच्या घटनेत तेरावी दुरुस्ती झाली. तमिळही राजभाषा झाली, प्रांतिक परिषदा आल्या. २००६ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने उत्तर आणि पूर्व प्रांतांचं विलीनीकरण रद्द केलं, पोलीस आणि जमिनीचे अधिकार परिषदांना प्रत्यक्षात कधी मिळालेच नाहीत. तरी २०१३ मध्ये उत्तर प्रांतात पहिली निवडणूक झाली आणि निवृत्त न्यायमूर्ती विग्नेश्वरन मुख्यमंत्री झाले. ती मुदत २०१८ मध्ये संपली आणि त्यानंतर निवडणूक लांबतच गेली. इतक्या संहारानंतर तिथल्या तमिळांच्या हाती घटनेतलं जे काही उरलं आहे, ते त्या बदनाम करारानेच दिलेलं आहे. विजयाने त्यात एका ओळीची भर घातलेली नाही.

मिझोरामचं उदाहरण दिलं की लोक म्हणतात, तो छोटा प्रदेश, बंडखोर थकलेले, भारत बलाढ्य. त्यात तथ्य आहे. पण कॅथलिक आणि प्रोटेस्टंट समाजांत रक्तपात चाललेल्या उत्तर आयर्लंडमध्ये हीच सबब सांगता येत नाही. १० एप्रिल १९९८ च्या करारात बंदूकवाल्यांचे प्रतिनिधी चर्चेत होते, मे महिन्यात तो लोकांच्या मताला टाकला गेला आणि उत्तर आयर्लंडमध्ये ७१ टक्क्यांनी होकार दिला. ऑगस्टमध्ये ओमामधल्या स्फोटात २९ माणसं मेली तरी करार तुटला नाही. जुनं पोलीस दल बदलून २००१ मध्ये नवं उभारलं, कॅथलिक आणि इतर यांची निम्मी-निम्मी भरती सुरू झाली. शस्त्रं निकामी झाल्याची खात्री पटायला २००५ उजाडलं. सात वर्षं! आणि कोलंबोत आपण बहात्तर तास दिले होते.

संपादक महोदय, श्रीलंकेत आज राष्ट्राध्यक्षपदी अनुरा कुमारा दिसानायके आहेत. ज्या पेरमुनाने १९८७ मध्ये या कराराविरुद्ध शस्त्रं उचलली आणि विलीनीकरणाविरुद्ध न्यायालयात धाव घेतली, त्याच पक्षाचे ते नेते. आणि २०२४ च्या संसदीय निवडणुकीत त्यांच्या आघाडीला जाफना जिल्ह्यातल्या तमिळांनी भरभरून मतं दिली. इतका विश्वास सिंहली नेतृत्वाच्या पक्षावर तिथे पूर्वी कधी टाकला गेला नव्हता. उत्तर आणि पूर्वेच्या परिषदांची निवडणूक घेणं आणि जमिनीचे अधिकार खरोखर देणं, एवढं त्यांनी केलं तरी १९५७ पासून थकलेल्या शब्दाचा पहिला हप्ता फिटेल. त्या करारावर भारताची सही आहे. हा विषय काढण्याचा अधिकार आपल्याला आहे, आणि इतके जवान तिथे गेल्यावर ती जबाबदारीही आहे. आपल्या दैनिकाने तमिळनाडूच्या वृत्तपत्रांवर हे सोपवून न देता जाफनाला बातमीदार पाठवावा आणि परिषदांच्या निवडणुकीचा पाठपुरावा करावा, अशी आग्रहाची विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, सातारा