गोचिडीपासून संरक्षण काजूच्या हंगामाआधी पोचावे : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

महोदय,
सविनय नमस्कार.

कर्नाटकातील शिवमोगा जिल्ह्याच्या क्यासनूर जंगलात १९५७ साली प्रथम ओळखला गेलेला माकडताप हा गोचिडीमुळे पसरणारा विषाणूजन्य आजार २०१६ मध्ये आमच्या सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या दोडामार्ग तालुक्यातील केर गावात आढळला. पुढे तो सावंतवाडी तालुक्यात बांदा परिसरातही दिसला, आणि त्याआधी २०१५ साली शेजारच्या गोव्यात सत्तरी तालुक्यातील काजू वेचणाऱ्या मजुरांना त्याने गाठले होते. म्हणजे हा आजार आता आमच्याकडे नवखा राहिलेला नाही. असे असताना त्याच्या बंदोबस्ताची धावपळ पहिला रुग्ण सापडल्यावरच का सुरू व्हावी, हा या पत्राचा विषय आहे.

हा ताप माणसाला होतो तो मुख्यतः गोचिडीच्या पिल्लाच्या चाव्याने. तिळाहूनही लहान असलेली ही पिल्ले पावसाळा सरल्यावर जंगलातल्या पातेऱ्यात, म्हणजे गळलेल्या सुक्या पानांत, वाढू लागतात आणि डिसेंबरपासून मेपर्यंत त्यांचा उपद्रव राहतो. नेमक्या याच काळात आमच्या भागात काजूची बोंडे गळतात, लाकूडफाटा आणला जातो, भाजावळीसाठी (शेतजमीन भाजण्यासाठी) पातेरा गोळा होतो. अंगभर कपडे घाला, पायजमा मोज्यात खोचा, पातेऱ्यावर बसू नका, या सूचना शास्त्राला धरून आहेत आणि त्या जरूर द्याव्यात. परंतु पातेऱ्यात पडलेली बी वेचून ज्या बायकांचा हंगामाचा खर्च निघतो, त्यांनी पातेऱ्याला हात न लावता काम कसे करावे? चैत्राच्या उन्हात मोजे आणि लांब बाह्यांचा सदरा घालून दिवसभर वाकून बी वेचणे किती जणींना जमेल, याचा विचार सूचना लिहिणाऱ्याने केलेला दिसत नाही.

म्हणूनच त्वचेला लावायच्या प्रतिबंधक तेलाचे महत्त्व मोठे आहे. संरक्षण संशोधन आणि विकास संघटनेने विकसित केलेल्या रसायनाचे ‘डेपा’ तेल कर्नाटकात बाधित गावांत वाटले जाते. आपल्याकडेही असे तेल नोव्हेंबर संपण्यापूर्वी प्रत्येक वाडीतील आशाताईंकडे असावे आणि ते हंगामभर पुरावे. घामाने तेल उतरते, त्यामुळे ते दिवसातून पुन्हा लावावे लागते, हे लक्षात घेतल्यास घरटी एक छोटी बाटली देऊन भागणार नाही. शिवाय जुनी लस पुरेशी परिणामकारक न ठरल्याने तिचा वापर थांबला आहे आणि नव्या लसीचे काम भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने हाती घेतले असले, तरी ती गावात पोचेपर्यंत आमच्या हाती तेल, कपडे आणि सावधपणा एवढेच आहे.

घरी परतल्यावरची काळजीही तितकीच महत्त्वाची. कपडे गरम पाण्यात भिजवावेत, साबणाने अंघोळ करावी, आणि मुलांच्या कानांमागे, काखेत, जांघेत व केसांच्या कडेला नीट पाहावे. गोचीड चिकटलेली दिसली की अजूनही कोणी रॉकेल लावतो, तर कोणी विडीचा चटका देतो. त्याऐवजी बारीक चिमट्याने तिला त्वचेलगत धरून सरळ ओढावे, बोटांनी चिरडू नये आणि जागा साबणाने धुवावी. ही गोष्ट फलकावर वाचून शिकता येत नाही, ती हातांनी करून दाखवावी लागते. त्यासाठी शाळा आणि महिला बचत गटांच्या बैठका सोयीच्या आहेत. गोठ्याकडेही लक्ष हवे, कारण मोठी गोचीड गुरांवर पोसली जाते आणि त्यांच्याबरोबर घराच्या अंगणापर्यंत येते. पशुसंवर्धन विभागाने गुरांची गोचीड काढण्याची मोहीम हंगामाआधीच घ्यावी.

या तापाने वानरे आणि माकडेही मरतात. म्हणून वानर किंवा माकड मेलेले आढळणे हा आम्हाला मिळणारा सर्वांत आधीचा इशारा असतो, कारण मेलेल्या जनावराच्या अंगावरून उतरलेली विषाणूबाधित गोचीड त्याच परिसरात पसरते. तेथे सुमारे पन्नास मीटरच्या परिघात कीटकनाशक भुकटी टाकणे आणि लोकांना तिकडे जाण्यापासून रोखणे आवश्यक असते. ही बातमी वन विभागाकडून आरोग्य केंद्रापर्यंत त्याच दिवशी गेली पाहिजे. दोन कार्यालयांतील पत्रव्यवहारात आठवडा गेला, तर तेवढ्यात त्या वाटेने निम्मी वाडी बागेत जाऊन येते.

चाव्यानंतर साधारण तीन ते आठ दिवसांत अचानक ताप, तीव्र डोकेदुखी आणि अंगदुखी सुरू होते, आणि काहींना रक्तस्राव होतो. बाधितांपैकी शेकडा तीन ते पाच जण दगावतात. या आजारावर खास औषध नसल्याने वेळेवर दाखल होऊन योग्य शुश्रूषा मिळणे हाच आधार आहे. त्यामुळे हंगामात तापाने आलेल्या प्रत्येकाला “बागेत किंवा जंगलात गेला होतात का?” असे विचारण्याची सक्त सूचना खासगी दवाखान्यांनाही द्यावी, आणि रक्ताचा अहवाल जिल्ह्यातच मिळण्याची व्यवस्था बारमाही ठेवावी.

तेलाची खरेदी, गुरांची मोहीम आणि वन विभागाशी समन्वय या तिन्ही गोष्टींचे वेळापत्रक दरवर्षी ऑक्टोबरमध्ये ग्रामपंचायतींना लेखी कळवले जावे, ही नम्र विनंती.

आपला विश्वासू,
दोडामार्ग तालुक्यातील एक काजू बागायतदार