मनूच्या केमोआधी

ती. आई, ती. बाबा,
सा. नमस्कार.

बाबा, तुम्ही पाठवलेला दोन बाटल्यांचा फोटो बघितला. हळदीचा अर्क आणि द्राक्षबियांचा अर्क. मुद्दाम म्हापशाला जाऊन आणल्यात, असं आई म्हणाली. मनूला पुढे मूल व्हावं म्हणून तुमचा जीव किती तुटतोय ते मला कळतं. पण या गोळ्या तिला एवढ्यात सुरू करू नका.

असल्या अर्कांनी केमोत अंडाशय वाचतात, हे तुम्ही वाचलंत ते खोटं नाही. तिच्या केमोत सायक्लोफॉस्फमाइड नावाचं औषध आहे. शरीरात गेल्यावर त्यातून दोन विषारी द्रव्यं तयार होतात. एक पेशीतल्या डीएनएचे धागे एकमेकांना जखडून टाकतं, गाठीतल्या आणि अंडाशयातल्याही. दुसरं अ‍ॅक्रोलिन, ते पेशीचं स्वतःचं संरक्षण, म्हणजे ग्लुटाथायोन, संपवतं. उंदरांना हळदीतलं कर्क्युमिन, द्राक्षांतलं रेझव्हेराट्रॉल असं काही दिलं तेव्हा अंडाशयाची हानी कमी झाली, हे बऱ्याच प्रयोगांत दिसलंय. पण बाबा, त्यातल्या बहुतेक उंदरांना कर्करोग नव्हताच! मनूला आहे. जे अंडाशय वाचवतं ते गाठीलाही वाचवणार नाही कशावरून? 2002 साली स्तनाच्या गाठी असलेल्या उंदरांना खाण्यातून कर्क्युमिन दिलं, तर सायक्लोफॉस्फमाइडने गाठ आक्रसायची ती नीट आक्रसेना. हे वाचल्यापासून माझ्या डोक्यातून ते जात नाही.

आई, तुझ्या हुमणातल्या हळदीबद्दल मी बोलत नाही. हळदीत कर्क्युमिन थोडंसंच असतं आणि तेही रक्तात फारसं उतरत नाही. अर्काच्या गोळ्यांत ते कितीतरी जास्त असतं, वर ते शोषलं जावं म्हणून मिऱ्यातलं पायपरिनही बऱ्याचदा घालतात. सोलकढी, भाज्या, फळं, तिला रुचेल ते दे.

मुलगी जन्मते तेव्हा तिच्या अंडाशयांत दहा-वीस लाख बीजं असतात. वयात येईपर्यंत तीन-चार लाख उरतात, नवी होत नाहीत. म्हणून जे करायचं ते पहिल्या डोसाआधीच. स्त्रीबीजं काढून गोठवून ठेवता येतात. साधारण दोन आठवडे लागतात, पाळीची वाट बघावी लागत नाही. तेवढा वेळ केमो थांबू शकते का, हे डॉक्टरच सांगतील. केमो चालू असताना अंडाशयांना विश्रांती देणारं इंजेक्शनही असतं, पण ते बीजं गोठवण्याला पर्याय नव्हे. खर्चाचं मी बघते.

आई, लग्न न झालेल्या पोरीशी हे कसं बोलायचं, असं तू फोनवर म्हणालीस. बोलायलाच हवं गं. ती सत्तावीस वर्षांची आहे, शरीर तिचं आहे, आणि तिच्या मुलाबाळांविषयी आपण तिघं तिच्या पाठीमागे ठरवतोय. ती नको म्हणाली तर तेही मला मान्य आहे. पण तिला विचारलंच नाही असं व्हायला नको. शेजारीपाजारी काय म्हणतील ते नंतर बघू.

मंगळवारी बांबोळीला इस्पितळात जाताना त्या बाटल्या डॉक्टरांना दाखवा आणि बीजं गोठवण्याचं तुम्हीच काढा; गाठीच्या गडबडीत हा विषय राहून जातो. मी रविवारी रात्रीच्या बसने पुण्याहून निघते, मंगळवारी तुमच्याबरोबर असेन. तोवर आई, तू तिच्याशी बोल.

तुमची,
शमा