भाऊबीजेनंतरच्या शनिवारी पुन्हा चिखलदऱ्याला

आई, बाबा,

फोनवर सांगितलं असतं तर आईचा आवाज ऐकून मी "बरं, नाही जात" म्हणून मोकळी झाले असते. म्हणून पत्र. भाऊबीजेनंतरच्या शनिवारी मी सायकलने चिखलदऱ्याला जाणार आहे. एकटीच. ठरवलं आहे.

पोळ्याच्या करीला, सणाच्या दुसऱ्या दिवशी, मी चिखलदऱ्याहून उशिरा आले, त्याचा धसका तुम्ही अजून घेऊन आहात, मला माहीत आहे. घरात पाहुणे, आणि आई रात्री नऊपर्यंत दारात, उपाशी. ते माझ्या मनातून जात नाही. पण बाबा, चूक एकटीनं जाण्यात नव्हती, हिशेबात होती. तुम्ही जन्मभर कापसाचा हिशेब ठेवला, हाही एकदा तपासून पाहा.

आपल्या घरून परतवाडा १२ किलोमीटर, तिथून धामणगाव गढीवरून चिखलदरा साधारण ३०. सपाटीवर ताशी १८चा वेग पडतो म्हणून मी अडीच तास धरले होते. पण परतवाड्याहून चिखलदरा साडेसातशे मीटर उंच, आणि तो चढ जवळपास सगळा धामणगाव गढीच्या पुढच्या घाटात आहे. घाटात वेग ताशी सात-आठवर येतो. थांबे धरून पाच तास लागतात, आणि निघायलाच दहा वाजले होते. अंधार तिथेच ठरून गेला होता.

दुसरी चूक काट्याची. एकच चाक दोनदा बसलं. बाभळीचा काटा बाहेरून मोडतो, पण टोक टायरमध्ये राहतं, बोटालाही लागत नाही. नवी ट्यूब टाकून हवा भरली की तेच टोक तिला टोचतं. त्यावरचा उपाय आपल्या घरातच होता. कापसाचा बोळा टायरच्या आतून हळूहळू फिरवायचा, जिथे तंतू अडकला तिथे काटा. तो चिमट्याने आतून बाहेर ढकलायचा, मगच ट्यूब. त्या दिवशी जवळ ट्यूब एकच होती, आणि करीला वाटेतली पंक्चरची दुकानं बंद. सण पाहून सामान बांधायला हवं होतं.

मोबाईलही त्या दिवशी बंद पडला. घाटात रेंज नसली की तो ती शोधत राहतो आणि बॅटरी संपवतो. आता नकाशा आधीच उतरवून ठेवला आहे, घाट लागला की फोन एअरप्लेन मोडवर, आणि पॉवर बँक प्लास्टिकच्या पिशवीत.

या वेळी पहाटे साडेपाचला निघेन. साडेदहा-अकरापर्यंत वर, साडेबाराला परत फिरणार, चारच्या आत घरी. कार्तिकात पावणेसहाच्या सुमारास सूर्य बुडतो, म्हणजे पावणेदोन तास हाताशी राहतात. कुठेही अडकले आणि साडेबारा वाजले, तर जिथे असेन तिथून मागे. चिखलदरा कुठे पळून जात नाही. अस्वलं संध्याकाळनंतर फिरतात, तोवर मी घाटाच्या खाली असेन. दोन ट्यूब, पंक्चर पट्ट्या, सोल्युशन, पंप, टायर काढायच्या दोन पट्ट्या, चेनची जोडकडी आणि कापूस. ब्रेकचे रबर नवे टाकलेत; पावसात पांदणीची काळी माती रिमला चिकटून जुने घासून गेले होते. उतारावर वळणाच्या आधीच वेग कमी करेन, वळणात ब्रेक दाबणार नाही.

खाण्याची काळजी नको, आई. दर तासाला अर्धा-पाऊण लिटर पाणी, एका बाटलीत ओआरएस, डब्यात फल्लीदाणे-गूळ आणि तुझ्या हातच्या दोन पुरणपोळ्या. धामणगाव गढीला चहा घेईन. वाटेतल्या मोथा गावाचा खवा बाबांसाठी आणेन, पण बाबा, दोन घासच.

एकटी का, ते पुन्हा सांगते. चढात प्रत्येकाचा दम वेगळा. सोबतीच्या मागे धावलं की धाप लागते, त्याच्यासाठी थांबलं की घाम गार होऊन पोटऱ्या आखडतात. दादाला मोटारसायकलवर मागे पाठवू नका. तो मागे असला की मी रस्ता सोडून आरशात पाहत राहीन. मोठ्या मामाचं जे झालं ते रात्रीचं होतं, आणि ट्रकच्या रस्त्यावर. त्याच्याशी हे जोडू नका ना.

बाबा, सायकलचं कॅरिअर तुम्ही कधी सोडलं ते मला शेवटपर्यंत कळलं नव्हतं. जिनिंगच्या भिंतीपाशी मागे वळून पाहिलं तर तुम्ही तिकडे दूर उभे, हात कमरेवर. तसंच उभं राहा आता.

परतवाडा, धामणगाव गढी, मोथा, प्रत्येक ठिकाणाहून मेसेज टाकेन. मोथ्याच्या पुढे दोन-अडीच तास काही आलं नाही तर घाबरू नका, रेंज नसते. चार वाजून गेले तर दादाला सांगा, पाच झाले तर ११२ला फोन करा आणि रस्ता धामणगाव गढीचा आहे हे सांगा. त्याआधी मावशीला फोन करू नका, ती सगळ्या गावाला सांगते.

बाबांनी बीपीची गोळी नेहमीच्या वेळेलाच घ्यायची, मी आल्यावर नाही. आईनं बारा वाजता जेवायचं, माझ्यासाठी ताट झाकून बसायचं नाही. गुडघ्याला तेल लाव आणि दारात उभी राहू नकोस. खुर्ची ओसरीवर घे, रस्ता तिथूनही दिसतो.

मी शुक्रवारी रात्री येते. आलूची भाजी करून ठेव.

तुमची,
मनू